आत शमुवेल होता

छाया गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात वालदेवी नदीच्या काठच्या उसाकडून आरडाओरडा ऐकू आला. सकाळचे साडेदहा वाजले असतील. आधी कुत्री भुंकली, मग माणसं ओरडायला लागली. ती कठड्याशी आली आणि तिच्या हातातली ओली चादर हातातच राहिली. पिवळं, लांबलचक जनावर कंपाउंडच्या भिंतीवरून तिच्या परसात उतरलं, क्षणभर थबकलं आणि मागच्या उघड्या दारातून सरळ घरात शिरलं.

घरात तिचा नवरा होता. शमुवेल.

दीड वर्षापूर्वी कारखान्यात लेथवर काम करता करता शमुवेल कोसळला होता. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हापासून तो मधल्या खोलीतल्या खाटेवर होता आणि त्याला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं छायाच करत होती. दर बुधवारी चर्चच्या मंडळीतल्या बायका येऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायच्या. छायाही डोळे मिटून बसायची. पण तिच्या मनात कित्येक महिने एकच वाक्य फिरत होतं. प्रभू, याहून जास्त मला झेपणार नाही.

बाहेरचा जिना ती कशी उतरली, तिचं तिला कळलं नाही. खाली येईपर्यंत शेजारच्या लताबाईंनी मागच्या दाराला बाहेरून कडी घातली होती.

"उघडा! माझा माणूस आत आहे!"

लताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! आज मंगळवार ना? मला वाटलं, तुम्ही त्यांना व्यायामाला घेऊन गेलात."

"रिक्षावाला आला नाही आज." छायानं कडीला हात घातला, तसं गल्लीतल्या दोघांनी तिला मागे ओढलं. एवढी माणसं बघून बिथरलं तर आधी त्यांच्यावरच झेप घेईल, असं ते म्हणत होते. त्यांचं खरं होतं, म्हणूनच तिला ते सहन होईना.

मधल्या खोलीच्या दोन्ही खिडक्या बाजूच्या बोळात होत्या. छाया एकीच्या गजांना धरून उभी राहिली. बिबट्या कपाट आणि खाट यांच्या सांदीत अंग चोरून बसला होता. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. शमुवेलचा निर्जीव उजवा हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि त्याच्या बोटांपासून जनावराचं तोंड वीतभरही लांब नव्हतं.

शमुवेलनं तिला पाहिलं. तिला हाक मारायला तो नेहमी करायचा तसा "आं... आं" आवाज त्यानं केला. बिबट्यानं दात विचकले. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि शमुवेल गप्प झाला.

वन विभागाची गाडी यायला पाऊण तास लागला. भारत नावाच्या वनरक्षकानं आधी गर्दी हटवली, मग खिडकीतून एक नजर टाकून तो छायाला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला.

"ताई, डॉक्टर भुलीचं इंजेक्शन बंदुकीनं मारतील. पण ते चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात जनावर चवताळतं. तुमच्या मिस्टरांनी अजिबात हलायचं नाही. घाबरून धडपडले तर संपलं. तुमचा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. तुम्ही खिडकीशी थांबून बोलत राहा. पण एकसारखं आणि शांत. रडू नका."

"मला नाही जमणार हो," छाया म्हणाली.

"दुसरं कोण आहे?"

दुसरं कोणीच नव्हतं. ती परत खिडकीशी आली. तिनं गजांमधून दोन्ही हात घालून कोपरं अडकवली.

"अहो, डोळे मिटा," ती म्हणाली. "मी इथंच आहे. मोठा आवाज झाला तरी हलायचं नाही." मग पुढे काय बोलायचं ते सुचेना. तिला प्रार्थना करायची होती, पण बुधवारचे सगळे शब्द कुठंतरी पळून गेले होते. शेवटी जे होतं तेच ती बोलली, शमुवेलला आणि देवाला एकदमच. "प्रभू, मी फार घाबरले आहे. हेही घाबरलेत. तू आत आहेस, मी बाहेर आहे. मला आत जाता येत नाही. तू त्यांच्यापाशी थांब."

खोलीच्या दुसऱ्या खिडकीतून डॉक्टरांनी नेम धरला आणि फट् आवाज आला. बिबट्या गुरगुरत उसळला. आधी तो भिंतीवर आदळला, मग थेट खाटेवर. त्याचं मागचं पाऊल शमुवेलच्या मांडीवरून घसरलं आणि पांघरुणावर लाल रेघ उमटली. छायाच्या गळ्यापर्यंत किंकाळी आली. ती तिनं गिळली.

"काही नाही, अहो. मी बघते आहे. पडून राहा. तू त्यांच्यापाशी थांब, प्रभू. थांब."

बिबट्या खोलीभर फिरत राहिला. औषधांचं स्टूल पडलं, बाटल्या फुटल्या. दोनदा तो खाटेखालून गेला. एकदा तर शमुवेलच्या छातीवर पुढचे दोन्ही पंजे टेकून त्यानं खिडकीकडे, थेट छायाच्या डोळ्यांत पाहिलं. ती बोलत राहिली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. कोणीतरी दुसरंच तिच्या तोंडून बोलत असावं तसा. मग जनावराचे मागचे पाय वाकले. ते खाटेवरून ओघळलं आणि खालीच आडवं झालं.

"आणखी पाच मिनिटं," भारत पुटपुटला. ती पाच मिनिटं सगळ्यांत लांब होती.

बिबट्याला जाळीत घालून नेल्यावर छाया आत धावली आणि नवऱ्याच्या उशाशी मटकन बसली. लताबाईंनी दिलेलं पाणी तिच्या अंगावरच सांडलं. लताबाई तिचे हात धरून माफी मागत होत्या. मंडळीतल्या गोजराबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "बायबलात सिंहांची तोंडं बंद केली, तोच देव आहे आपला! बघ, तुझा विश्वास फळला!"

"विश्वास कुठला, गोजराबाई," छाया म्हणाली. "मी भीतीनं मरत होते. नुसती प्रभूला धरून होते."

"मग विश्वास म्हणजे आणखी काय असतं?" गोजराबाईंनी विचारलं.

दुपारी सिव्हिलमध्ये मांडीला टाके पडले. रेबीजच्या इंजेक्शनसाठी नर्सनं खाली मान घालूनच विचारलं, "कुत्रा ओळखीचा होता का?"

"कुत्रा नाही. बिबट्या."

नर्सनं मान वर केली. तिचा चेहरा बघून शमुवेलच्या घशातून एक खरखरीत आवाज निघाला. तो दुखतंय म्हणून कण्हतोय असं वाटून छाया घाईनं त्याच्यावर वाकली. तो हसत होता. तोंडाच्या डाव्या बाजूनं, अर्धाच, पण हसत होता.

तेव्हा कुठं छाया रडली.