आखडलेली मान

दचकू नका. भिंतीलगत सोनोग्राफीचं मशीन आहे ना, त्याच्यावरचा काळा चौकोन बोलतोय. मी त्या मशीनचा पडदा. बोलायची मला सवय नाही, माझं काम दाखवायचं. पण आज सांगतोच.

माझा जन्म एका कारखान्यातल्या पांढऱ्या खोलीत झाला. तोंडाला फडकं बांधलेली एक मुलगी मला आधी पूर्ण पांढरा करायची, मग पूर्ण काळा, आणि कुठे एखादा ठिपका मेलेला दिसतो का ते शोधायची. इतकं टक लावून माझ्याकडे पुन्हा कोणी पाहणार नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग एका मोठ्या दवाखान्यात बरीच वर्षं मूतखडे दाखवण्यात गेली. तिथे डॉक्टर माझ्याकडे बघायचे आणि पेशंट छताकडे. स्वतःच्याच पोटातलं चित्र, पण त्यांना दिसायचा पंखा आणि पंख्यावरची धूळ. मला कधी कोणी त्यांच्या बाजूला फिरवलंच नाही. एकाच बाजूला तोंड करून माझ्या मानेचा नट गंजला आणि मान आखडली. पुढे नवं मशीन आलं, तशी माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्यावर चादर टाकली होती आणि कोणीतरी रोज जेवणाचा डबा मशीनवर ठेवायचं.

तिथून मला या डॉक्टरबाईंनी आणलं. यांच्याकडे येतात ती मूल हवं असलेली माणसं. बाहेरच्या बाकावर ती मासिकाचं एकच पान उघडून बसतात, उलटायचं विसरतात.

त्या दिवशी एक नवरा-बायको आली. ती कापडाच्या दुकानात काम करणारी, तो प्लंबर. कामावरून थेट आलेला, हत्यारांची पिशवी खांद्यावर.

"पिशवी दाराशी ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "इथे तिचं काम नाही."

ती टेबलावर आडवी झाली, चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि म्हणाली, "बाई, मी चोक आहे का, ते आज नक्की कळेल ना?"

डॉक्टरबाईंचा हात थांबला. "चोक? हा शब्द कोणी आणला?"

"यांनी. सासूबाईंना सांगितलं, गर्भनलिका म्हणजे पाइप, चोक झाला असेल. सासूबाईंनी शेजारच्या काकूंना सांगितलं. आता जिन्यात भेटल्या की काकू विचारतात, 'निघाला का गं कचरा?'"

नवरा बुटाकडे बघत म्हणाला, "मी आपलं आईला सोपं करून सांगायला गेलो."

"घरचा नळ वर्षभर गळतोय, तो आधी सोपा करा," ती म्हणाली.

सिस्टर हसू दाबत वळल्या. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी कडेनेच पाहिलं. तिला फक्त तपासणीचा निकाल नको होता. जिन्यातून मान वर करून जायचं होतं.

"आधी काय होणार ते ऐक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाळी नुकतीच संपली आहे, म्हणून आज बोलावलं. कापाकापी नाही, भूल नाही. नेहमीच्या आतल्या तपासणीसारखंच, फक्त एक बारीक मऊ नळी गर्भाशयात जाईल. तिच्यातून फेसाळ औषध सोडायचं. नलिका मोकळ्या असतील तर ते पांढरं होऊन पुढे जाताना पडद्यावर दिसतं. पाळीत दुखतं तसं थोडं दुखेल. नको वाटलं तर 'थांबा' म्हण, मी थांबेन."

"मला दिसेल?"

त्यांनी माझी कड धरली आणि मला तिच्याकडे वळवलं. कर्रर्र! असा आवाज झाला की नवरा दचकला आणि ती खुदकन हसली. मी शरमलो. पण आयुष्यात पहिल्यांदा पेशंटचा चेहरा माझ्या समोर होता.

डॉक्टरबाईंनी औषध सोडलं. उजव्या बाजूला एक पांढरी रेघ उमटली, वळणं घेत सरकली आणि टोकाशी पसरली. डाव्या बाजूला मात्र काळंच. तिने ओठ आवळले.

नवऱ्याला राहवलं नाही. "बाई, जरा प्रेशर वाढवा. सुटतं."

"भिंतीतला पाइप सुटत असेल. ही नलिका जिवंत आहे, दचकली की आवळून धरते. बंद दिसतेय म्हणजे बंदच असेल असं नाही. तुम्ही फक्त बायकोचा हात धरा."

त्याने धरला. "सोड श्वास," डॉक्टरबाई तिला म्हणाल्या. कोणी घाई केली नाही. मी माझ्या काळ्या अंगावर डोळा ठेवून होतो. फसवं काही दाखवायचं नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

थोड्या वेळाने त्यांनी हळूच पुन्हा औषध सोडलं. आधी एक ठिपका आला, मग रेघ आली. ती सरकत टोकाला गेली आणि पसरली.

"ती मी?" तिने विचारलं.

"तूच. दोन्हीकडून मोकळी."

कारखान्यातल्या मुलीनंतर इतकं टक लावून माझ्याकडे तिनेच पाहिलं. ती मुलगी मेलेला ठिपका शोधत होती. ही मात्र जिवंत रेघ बघत होती.

डॉक्टरबाई स्पष्ट बोलल्या. "वाट मोकळी आहे, एवढंच आज कळलं. बाळाचं वचन हा पडदा देत नाही. आज थोडं पाणी जाईल, डाग दिसेल, त्याला घाबरू नकोस. ताप आला किंवा दुखणं वाढलं तर मात्र लगेच फोन कर."

ती कपडे बदलायला गेली. नवऱ्याने तिथेच फोन लावला. "आई, चोक-बिक काही नाही. तो शब्दच चुकीचा होता, माझा होता. शेजारच्या काकूंना तू आजच सांग. जिन्यातच सांग, मोठ्याने."

कपडे बदलायच्या आडोशामागून तिचा आवाज आला, "आणि नळाचं काय?"

"आज करतो गं!"

मग तो दाराशी गेला, पिशवीतून पाना काढला आणि डॉक्टरबाईंना विचारून माझ्या मानेचा नट सैल केला, तेलाचा थेंब सोडला. "याचं नुसतं आखडलं होतं," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

पुढे त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही, ती दोघं परत आली नाहीत. माझ्या कोपऱ्यातला एक ठिपका आता खरंच मेला आहे. एक दिवस माझ्यावर पुन्हा चादर पडेल. पण मान अजून एका बोटाने वळते. तेव्हा टेबलावर आडव्या झालात, तर छताकडे बघत राहू नका. म्हणा, "पडदा जरा इकडे करा." मी आवाज न करता वळेन.