अठराशे पोती शेंगदाणा

सन १९६६ च्या आषाढात माझा मुलगा गुलाबराव याला आगीच्या विम्याचा एजंट होऊन दोन वर्षे झाली होती. कोणत्याही कंपनीशी बोलणी करण्यापूर्वी तो तिचा वार्षिक अहवाल घरी आणी. मी तो वाचून, काय विचारावे हे त्याला सांगे. यात नवल नव्हते. माझे यजमान मोतीरामजी दुसरबीडला आडत चालवीत, तेव्हापासून असले कागद वाचणे माझ्याकडेच होते. ते म्हणत, अहवाल शेवटून वाचावा; पुढच्या पानांवर माणसे बोलतात, मागच्या पानांवर माल बोलतो.

त्या दिवशीचा अहवाल एका तेल कंपनीचा होता, भागधारकांसाठी मराठीत छापलेला. गुळगुळीत कागद, गळ्यात हार घातलेल्या अध्यक्षांचे छायाचित्र आणि शेतकऱ्याच्या घामाविषयी दीड पान. ज्यांनी तो घाम कधी हुंगलाही नाही, त्यांची ती भाषा वाचून मला शिसारी आली. मी मागची पाने उघडली. शिल्लक मालाच्या यादीत एक ओळ होती : ३१ मार्च रोजी दुसरबीड गोदामात शेंगदाणा, अठराशे पोती.

ती ओळ मी तीनदा वाचली. त्याच तारखेला त्याच गोदामात माझ्या नणंदेच्या, सत्यभामाबाईंच्या, मुलीच्या लग्नाचे वऱ्हाड उतरले होते. गोदाम रिकामे पडले होते म्हणूनच कंपनीने ते जानवशाला दिले होते. किल्ली गुलाबरावानेच आणली होती. दीडशे माणसांच्या पंगती मी स्वतः उभी राहून वाढून घेतल्या होत्या. धान्याचा एक दाणा तेथे नव्हता. होता तो उंदरांचा वास, आणि तो घालवायला मी धूप जाळला होता.

हे मी गुलाबरावाला सांगितले, तेव्हा तो दचकला नाही. त्याने ती ओळ आधीच वाचली होती, आणि गोदाम अजूनही रिकामेच आहे हेही त्याला ठाऊक होते. विम्याचा कागद दाखवून कंपनीला बँकेचे कर्ज काढायचे आहे, आणि एवढा मोठा विमा या भागात आजवर कोणी उतरवलेला नाही, असे तो मलाच समजावू लागला.

"माय, पोते मोजाले कोन जाते? समदेच असं करून राह्यले."

"समदे उष्टं खातात म्हणून आपण ते ताटात घ्यायचं का?"

त्याने अहवाल माझ्या हातातून घेतला आणि तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तेल कंपनीचे व्यवस्थापक अर्जुनराव पेढ्यांचा डबा घेऊन घरी आले. मी बैठकीतच बसून राहिले. त्यांनी मोतीरामजींच्या तसबिरीला हात जोडले, घराण्याची स्तुती केली. वऱ्हाडाच्या पंगती पोत्यांवर बसल्या होत्या की पोत्यांखाली, असे मी विचारले. ते हसले. म्हणाले, "काकू, अहवालातला माल आणि गोदामातला माल यांत थोडं अंतर राहतंच."

गुलाबरावही हसला. त्या हसण्याची किळस मला आजही येते.

मग अर्ज पुढे आला. 'माल मी समक्ष पाहिला आहे' असे त्यावर छापले होते, आणि त्याखाली एजंटाने पूर्ण नावाने सही करायची होती.

"गुलाबराव, सही तुझी आहे, तू कर," मी म्हणाले. "पण मधलं नाव गाळून कर. तुझ्या वडिलांनी न पाहिलेला माल पाहिला, असं कधी लिहिलं नाही."

त्याने मान खाली घातली आणि झरझर आपले नाव व आडनाव लिहिले.

अर्जुनरावांनी कागद पाहिला आणि परत सरकवला. "पूर्ण नाव लागतं. तुमच्या सहीला बँक मानते ती मोतीरामजींच्या नावामुळे. तेच नसेल तर या कागदाचा आम्हाला काय उपयोग?"

गुलाबरावाचे पेन त्या दोन शब्दांच्या मध्ये थांबले. त्याने एकदा तसबिरीकडे पाहिले आणि पेनाला टोपण लावले. अर्जुनराव कागदाची घडी घालून, चहा न घेता निघून गेले. पेढ्यांचा डबा राहिला होता. मी तो गाईपुढेही ठेवला नाही; उकिरड्यावर टाकायला लावला.

पुढे ही गोष्ट दुसरबीडच्या बाजारात पसरली. गुलाबरावाने खोटी सही नाकारली म्हणून चार प्रतिष्ठित लोक घरी येऊन त्याची पाठ थोपटून गेले. मी थोपटली नाही. बापाचे नाव खोट्यात घालताना त्याचा हात अडखळला, हे खरे. पण त्याआधी ते नाव गाळताना तो अडखळला नव्हता.