मला रफू करू नका!

मी एक भोक आहे. घ्या, हसून घ्या आधी. टाचणीच्या डोक्याएवढा माझा जीव, आणि मुक्काम एका माणसाच्या डोळ्यात, वरच्या पापणीआड. हा माणूस कोण? तर रफूवाला! जळका कोट आणा, कुरतडलेली शाल आणा, भोक कुठे होतं ते पुन्हा सापडायचं नाही. जगात एवढे डोळे असताना मी जन्मलो तो याच्याच डोळ्यात. याला म्हणतात नशीब.

त्याचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गिळला होता. दुखलं नाही, खुपलं नाही, म्हणून स्वारीनं दाखवला नाही. माणसांचा हा शहाणपणा मला फार आवडतो. उजवाही त्याच वाटेला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून मला पाडलं. माझं काम एकच. डोळ्यात तुंबणारं पाणी बाहेर सोडायचं, म्हणजे दाब उतरतो आणि उरलेली नजर टिकते. गेलेली नजर काही मी परत आणत नाही.

पण शरीर भारी उद्योगी! उघडं भोक दिसलं की त्याला चैन पडत नाही, लगेच बुजवायला धावतं. म्हणून बाईंनी बजावलं होतं, "पुढचे काही आठवडे तारखेला यायचं. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. ते औषध ही जखम भरू देत नाही." रफूवाल्यानं मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

पहिलं इंजेक्शन झालं आणि मी मस्त वाहू लागलो. मग मेव्हणा बघायला आला. "वा भावजी, जखम काय झकास भरलीय! लालीसुद्धा नाही."

रफूवाला फुलला. "आमची कातडीच तशी. चटकन सांधते."

पुढच्या तारखेला तो दुकानातच बसून राहिला. बायको म्हणाली, "अहो, पण बाईंनी बोलावलंय ना?"

"भरलेल्या जखमेत सुई कशाला? त्या बोलावणारच, त्यांचं कामच ते."

दिवसभर सुई हातात धरणारा हा गडी खरं तर सुईला टरकला होता. पण घाबरलो म्हणायची लाज वाटते, मग माणसं अनुभवाच्या गोष्टी सांगतात.

इकडे मी बुजत चाललो होतो. मला भीती वाटत होती, खरंच सांगतो. एक भोक गेलं तर कोण रडणार? पण माझ्यामागोमाग त्याचा शेवटचा डोळा जाणार होता.

एके संध्याकाळी तो म्हणाला, "दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत गं." बायकोनं चप्पलसुद्धा धड घालू दिली नाही, तडक दवाखान्यात आणलं. बाईंनी दाब मोजला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पण जखम छान भरली ना?" रफूवाल्यानं विचारलं.

"तेच तर वाईट झालंय. नशीब, अजून पुरती बुजलेली नाही. आज इंजेक्शन देऊन बघते. पण असंच चुकवत राहिलात तर हा डोळाही जाईल."

तो बायकोकडे बघत हळूच म्हणाला, "म्हणजे ही पण दिसणार नाही मला?"

"नाही."

बुद्धिमान माणूस निमूट आडवा झाला. बधिर करणारे थेंब पडले, सुई आली, औषध माझ्या शेजारी उतरलं. त्यानं बायकोचं बोट असं आवळलं होतं की बिचारीच कळवळली. त्यानंतर एकही तारीख त्यानं चुकवली नाही. अक्कल येते, फक्त जरा उशिरा.

तेव्हा मंडळी, डोळा दुखत नाही म्हणून घरी बसू नका. आणि घरात कुणाच्या डोळ्यात माझा भाऊबंद असेल, तर त्याला बरं करायची घाई करू नका. हात जोडून सांगतो, आम्हाला उघडं राहू द्या.

मी अजून वाहतोय. आज बाईंनी तपासलं आणि हसून म्हणाल्या, "दाब उतरलाय. जखम अजिबात भरलेली नाही!" बायकोला रडूच कोसळलं. दाराबाहेर येऊन तिनं भावाला फोन लावला, "अरे, भरली नाही रे! जखम भरली नाही!"

"धीर धर ताई," तो बिचारा तिकडून म्हणाला, "भरेल हळूहळू."

"मेल्या," ताई कडाडली, "असं अभद्र बोलू नकोस!"