रुग्णाची डावी बाजू

वर्गात त्याला सगळे वस्तरा म्हणायचे. चौदा वर्षं लोकांचे केस कापून, दाढ्या करून हा माणूस अडतिसाव्या वर्षी रुग्णवाहिकेवर काम करायला शिकायला आला होता, तेव्हा टोपणनाव पडणारच होतं. येण्याचं कारण साधं होतं. एकदा त्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर कोसळलं आणि हा हातात ब्रश घेऊन नुसता उभा राहिला. आठ मिनिटांनी रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या दोघांनी गिऱ्हाइकाला जमिनीवर आडवं केलं, छाती दाबली, मशीन लावलं आणि त्याला परत आणलं. त्या आठ मिनिटांची त्याला इतकी लाज वाटली की वर्षभरात त्याने दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं.

अभ्यासात तो कच्चा नव्हता. हृदयाचे चार कप्पे, उजव्या फुप्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे दोन, सगळं तोंडपाठ. घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी, डाव्या-उजव्यात. शरीरशास्त्रात डावं म्हणजे बघणाऱ्याचं डावं नव्हे, रुग्णाचं डावं. एवढी साधी गोष्ट, पण पहिल्या प्रात्यक्षिकात त्याने सरावाच्या पुतळ्यावर प्लीहा उजवीकडे दाखवली. दुसऱ्यात पुतळ्याचा मोडलेला पाय सोडून धडधाकट पायाला फळी बांधली, आणि तीही इतकी सुबक की परीक्षा घेणाऱ्या मॅडमना हसावं की रडावं ते कळेना.

गंमत म्हणजे घरी तो कधीच चुकायचा नाही. बायको ओट्याशी भाजी चिरता चिरता विचारायची, "यकृत?" हा मागून येऊन तिच्या उजव्या बरगडीखाली बोट टेकवायचा. "प्लीहा?" लगेच डावीकडे. "अहो, सगळं तर येतंय तुम्हाला, तिथे जाऊन काय होतं?" तिचा प्रश्न रास्त होता. दोन वर्षं तिने दोन पाळ्यांत काम करून घर चालवलं होतं.

तिसरी संधी शेवटची होती. खऱ्या रुग्णवाहिकेवर एक पूर्ण दिवस, सोबत गुण द्यायला खुद्द मॅडम. मॅडम म्हणजे बावीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढून आता कोर्स शिकवणारी बाई. त्यांच्या आवाजाने वर्गातला पंखासुद्धा सरळ फिरतो, असं पोरं म्हणायची. नियम त्यांनी सकाळीच सांगून टाकला. "आज बाजू चुकली की कोर्स संपला. मला वाईट वाटेल, पण मी सही करणार नाही."

साडेदहाला फोन आला. तिसऱ्या मजल्यावरचं घर. निवृत्त बस कंडक्टर, वय सदुसष्ट, खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. मुलगी दारातच म्हणाली, "बाबा बोलत नाहीयेत हो. आमचे बाबा, आणि बोलत नाहीत!"

वस्तरा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. "काका, हसा बघू." ओठाचा एक कोपरा वर गेला, दुसरा लोंबतच राहिला. "दोन्ही हात समोर धरा." एक हात तरंगला, एक हळूहळू खाली आला. बोलायला सांगितलं तर घशातून नुसता आवाज. डोळे मात्र टक्क जागे आणि घाबरलेले. त्याने बोट टोचून रक्तातली साखर तपासली, ती उतरली तरी असंच दिसतं; पण ती ठीक होती. म्हणजे झटका मेंदूचाच होता, एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता आणि आता एकेक मिनिट मोलाचं होतं.

मॅडम आतल्या खोलीत मुलीला विचारत होत्या, शेवटचे धड कधी दिसले, औषधं कुठली घेतात. "दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्यावर ओरडले, टॉवेल कुठे ठेवलास म्हणून," मुलगी सांगत होती. वस्तऱ्याने वेळ ऐकली आणि हॉस्पिटलला फोन लावला. "पक्षाघाताचा संशय. दहा-दहाला ठीक होते. वाचा गेली आहे. चेहरा आणि हात, डावी बाजू कमजोर." आवाज अगदी ठाम निघाला. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

कंडक्टरना खुर्चीसकट खाली आणलं, गाडीत झोपवलं. गाडीतल्या कामकाजाच्या ओघात त्याला विचार करायला फुरसत मिळाली नाही. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर उतरवताना तो डोक्याच्या बाजूला होता. कंडक्टरांचा हात चादरीतून घसरून लोंबला आणि त्याने तो उचलून छातीवर ठेवला. हात गार आणि निर्जीव. त्याने तो आपल्या उजव्या हाताने उचलला होता, आपल्याच उजवीकडून.

उजवा हात होता तो. फोनवर त्याने डावा सांगितला होता.

स्ट्रेचर आत गेलं, दार मिटलं. मॅडम मुलीशी बोलत मागे राहिल्या होत्या, फोन त्यांनी ऐकलाच नव्हता. डॉक्टर स्वतः तपासतीलच की, त्याच्या मनाने वकिली सुरू केली. कागदावर आता नीट उजवी लिहायचं, संपलं. कुणाला कळणार आहे? बायकोला संध्याकाळी काय सांगायचं, तेही मनाने तयार करून ठेवलं. आणि डॉक्टरांनी घाईत फोनवरच भरवसा ठेवला तर? गेल्या खेपेला तो ब्रश घेऊन उभा राहिला तेव्हा त्याला काही येत नव्हतं. आज येत होतं. आज गप्प राहायला सबबही उरली नव्हती.

तो धावला. स्कॅनच्या खोलीबाहेर एक तरुण डॉक्टरीण कागद चाळत होती. "डॉक्टर, फोनवर मी चुकीचं सांगितलं. डावी नाही, उजवी. रुग्णाची उजवी बाजू कमजोर आहे. चूक माझी आहे."

तिने कागद खाली केले. "तरीच! वाचा गेली आहे आणि बाजू डावी, मी तेच जुळवत बसले होते. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतं आणि डावा मेंदू चालवतो उजवं अंग. मी तपासणारच होते, पण माझा वेळ वाचवलात." ती आत गेली.

वस्तरा वळला. मागे मॅडम उभ्या होत्या.

"सगळं ऐकलं मी," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम. कोर्स संपला, माहितेय मला." त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

"थांबा जरा. चूक कशावरून कळली तुम्हाला?"

"त्यांचा हात उचलला तेव्हा. मी डोक्याशी होतो, मागे. मागून बघितलं की मला बरोबर कळतं."

मॅडम चक्क हसल्या. "अहो, चौदा वर्षं तुम्ही माणसांच्या पाठीशी उभे राहिलात! समोर होता आरसा. आरशात गिऱ्हाइकाचं डावं तुमच्या डावीकडेच दिसतं. आणि मी दोन परीक्षा तुम्हाला पुतळ्याच्या तोंडासमोर उभं करत होते. मला वाटायचं, ह्या माणसाला डावं-उजवं कळतच नाही."

बायको ओट्याकडे तोंड करून उभी असते, हे वस्तऱ्याच्या डोक्यात आत्ता आलं.

"समोरून तपासा, पण बाजू सांगण्याआधी मनाने रुग्णाच्या मागे जाऊन उभं राहा. पाच सेकंद लागतील, लागू देत." मॅडमनी फाइल उघडली. "आता नियमाचं. मी म्हटलं होतं, बाजू चुकली की सही नाही. चुकली. पण उपचाराच्या आधी, कुणी न पकडता, स्वतः धावत जाऊन दुरुस्त केलीत. ह्याच्यासाठी फॉर्मवर रकाना नाहीये." त्यांनी समासात चार ओळी खरडल्या आणि खाली सही ठोकली. "माझ्या घरी कुणाला काही झालं, तर मला न चुकणारा माणूस नको. तो कुठे मिळतच नाही. चुकलं की सांगणारा हवा."

तो वॉशरूममध्ये गेला, नळ सोडला आणि मनसोक्त रडला.

गाडी धुऊन, चादरी बदलून होईपर्यंत तासभर गेला. औषध वेळेत सुरू झालं होतं. मुलगी जिन्यावरून धावत आली, हसत होती की रडत होती कोण जाणे. "बाबा बोलले! खाटेभोवती सगळे गोळा झाले होते ना, तर त्यांना म्हणाले, पुढे सरका, पुढे सरका!"

ड्रायव्हर पोट धरून हसला. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, ती चाळीस वर्षांची सवय बोलली, बाकीचं हळूहळू येईल, वेळ लागेल. मुलीला तेवढं पुरेसं होतं. वस्तऱ्यालाही होतं.

त्याने बायकोला फोन लावला. "सही झाली," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "मग आता तुमच्याकडे पाठ करून उभी राहू नको ना मी?"

"मॅडमनी फोन केला होता का तुला?"

"नाही हो. मला दोन वर्षं माहितेय, तुम्हाला समोरून विचारलं की गडबडता. म्हणून तर पाठ करून उभी राहायचे. तुमचा धीर खचू नये म्हणून. तिथे जाऊन काय होतं असं विचारायचे, ते नुसतं सोंग."

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

"संध्याकाळी," तो म्हणाला, "समोर उभी राहा. आणि काय वाट्टेल ते विचार."