सर्वांसाठी खुला

सुरतेच्या डिंडोलीतल्या साईकृपा रेसिडेन्सीच्या हॉलबाहेर एक पाटी आहे. 'या हॉलमध्ये होणारा प्रत्येक कार्यक्रम सर्वांसाठी खुला राहील. जेवण किंवा प्रसाद असल्यास तो येणाऱ्या प्रत्येकास मिळेल.' खाली तेच गुजरातीत, त्याखाली हिंदीत. मराठी मजकूर धुडकू सोनवण्यांनी स्वतः लिहिला होता आणि पेंटरने 'प्रत्येकास'चं 'प्रत्येकाला' केलं तेव्हा त्याच्याकडून पुसून पुन्हा लिहून घेतला होता. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये चौतीस वर्षं रंगखात्यात काढलेल्या माणसाला सोसायटीचा मंत्री, म्हणजे सेक्रेटरी, होणं मानवतं, हे त्या पाटीवरून कोणालाही कळलं असतं. पाहुणे आले की चहा व्हायच्या आत ते त्यांना खाली नेऊन पाटी दाखवायचे.

अठ्ठेचाळीस घरांची सोसायटी. निम्मे खान्देशी, दहा-बारा घरं सौराष्ट्राकडची, काही यूपीची आणि पाच घरं उडिया. ही सगळी माणसं एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी बोलतात, भांडताना मात्र हिंदीत भांडतात. तिथे मंत्री होणं म्हणजे पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्यावरून शिव्या खाणं. धुडकूंनी त्या मुकाट खाल्ल्या. पण ही पाटी लागली ती त्यांच्या रागातून, आणि तो राग प्रसादाचा होता.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात समोरच्या दारातल्या बसंत साहूने गुरुवारी हॉल मागितला होता. त्याच्या घरची लक्ष्मी बसते त्या दिवशी. भाऊ, पुतणे, त्यांच्या बायका मिळून पंचवीस माणसं, घर एका खोलीचं. धुडकूंनी आनंदाने किल्ली दिली. बसंतच्या बायकोने, कुंतलाने, गेटपासून हॉलपर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढली. दुपारी पावलांच्या कडेकडेने धुडकू आत गेले, हात जोडले आणि प्रसादासाठी हात पुढे केला. कुंतला गडबडली. तिने आतून एका बशीत दुकानातले पेढे आणून दिले. "वो घर का है, भैया," ती म्हणाली. "वो बाहर नहीं देते. आप ये लो."

बशीला हातही न लावता धुडकू निघून आले. हॉल सगळ्यांचा आणि प्रसाद तेवढा ह्यांचाच! ते जिन्यातच बोलले, मोठ्याने. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी भाषण केलं. इथे कोणी खान्देशी नाही, कोणी उडिया नाही, कोणी काठियावाडी नाही, इथे सगळे साईकृपावाले, आणि ज्याला दार लावून जेवायचं असेल त्याने आपल्या घरी जेवावं. टाळ्या पडल्या. बसंतने हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. पाटी लागली. त्यानंतर साहूंची लक्ष्मी त्यांच्या एका खोलीतच बसू लागली.

या श्रावणात खान्देशची देवी कानबाई धुडकूंकडे येणार होती.

सोनवण्यांच्या भाऊबंदकीची कानबाई आजवर थोरल्या भावाकडे, उधन्याला बसायची. यंदा पुतण्याने, योगराजने, तिथलं घर पाडून दुमजली बांधायला काढलं होतं. तेव्हा मान धाकट्याकडे आला. धुडकूंच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी कानबाई आपल्या हाताने मांडली नव्हती. जावेच्या मागे उभं राहून गाणी म्हणायची आणि पिठाच्या परातीपुढे बसायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं. बातमी कळली त्या दिवशी त्यांनी तीनदा देव्हारा पुसला. त्यांनी नथ पॉलिश करून आणली, नारळ स्वतः निवडला, घरातल्या पुरुषांची डोकी मोजून माणशी सव्वा मूठ गहू काढून ठेवला. पंचेचाळीस माणसं येणार होती. हॉल हाताशी होता, नवराच मंत्री होता. काळजीचं काही कारणच नव्हतं.

"हॉलनं दार आतून लावनं पडी," बुधवारी सकाळी गहू निवडता निवडता त्या म्हणाल्या. "रोट खातांना बाहेरना मानूस नको."

धुडकूंचा चहाचा कप ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

रोट, म्हणजे त्या मोजून काढलेल्या गव्हाचा प्रसाद, भाऊबंदांनीच खायचा असतो. बाहेरच्याला त्याचा कण द्यायचा नाही. लग्न करून दिलेली मुलगीसुद्धा त्या दिवशी बाहेरची. हे धुडकूंना नवीन नव्हतं, जन्मापासून ते रोट खात आले होते. पण उधन्याचं घर भावाचं होतं, दार भावाचं होतं, ते लावून घेताना कोणाला काही सांगावं लागलं नव्हतं. घरची रीत म्हणजे रीत. कोणी हात पुढे केला असता आणि आपण नाही म्हटलं असतं, तर त्याला कसं वाटलं असतं, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. साहूंच्या प्रसादाचं आणि आपल्या रोटाचं काही नातं आहे, हे त्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, बुधवारी सकाळी, चहा पिताना कळलं.

"दार कसं लावसूत?" ते म्हणाले. "हॉल सर्वांसले खुला शे."

"मंग उघडं ठेवा. पन रोट कोनकोनले देशात?"

धुडकूंनी डोकं चालवलं. रंगखात्यात बिघडलेला कापडाचा ताका पुन्हा बुडवून सुधारता येतो, तसं काहीतरी करता येईल असं त्यांना वाटलं. "दोन प्रसाद करूत," ते म्हणाले. "रोट आपले. बाहेरना लोकेसले शिरा."

सुभद्राबाईंनी सूप खाली ठेवलं. "कुंतलानी तुमले पेढा दिधा व्हता," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिधा का?"

धुडकू चप्पल घालून निघाले ते थेट चेअरमन हरेशभाईंच्या दुकानात. संध्याकाळी कमिटी बसली. हरेशभाई, धुडकू आणि सभासद म्हणून बसंत.

हरेशभाईंनी ऐकून घेतलं आणि हसले. माणूस दिलाचा मोकळा. "अरे धुडकूभाई, एमां शुं? आप मंत्री हो. एक दिन की बात है. दरवाजा बंद कर लो, कौन पूछने वाला है?"

"पूछा था," बसंत म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "इन्होंने ही पूछा था."

धुडकूंनी मान खाली घातली. त्या क्षणी त्यांना 'चालेल' म्हणता आलं असतं. हरेशभाईंनी खूण केली असती, बसंत नेहमीसारखा गप्प राहिला असता, सुभद्राबाईंची कानबाई हॉलमध्ये थाटात बसली असती. निम्मी सोसायटी खान्देशी, कोण ब्र काढणार होतं? पंचवीस जणांना जे मिळालं नाही ते पंचेचाळीस जणांना मिळतं, एवढाच त्याचा अर्थ झाला असता. हे त्यांना स्वच्छ दिसलं आणि आपण त्या बाजूला बसलोय याची लाज वाटली.

"सवलत नको," ते म्हणाले. "नियमच काढा. ज्याची जशी रीत, तसं त्याला करू द्या. दार लावायचं त्याने लावावं, उघडं ठेवायचं त्याने उघडं ठेवावं. पाळी तेवढी सगळ्यांना सारखी मिळावी."

"फिर तो हर कोई अपना दरवाजा बंद करके बैठेगा," हरेशभाई म्हणाले. "आप ही बोले थे, यहाँ कोई खानदेशी नहीं, कोई उडिया नहीं. मुझे तो वो बात बहुत जची थी." आणि त्यांना ती खरोखरच पटलेली होती, म्हणूनच उत्तर देणं अवघड होतं. शेवटी ते म्हणाले की नियम जनरल मीटिंगने केलाय, जनरल मीटिंगच काढेल, आणि तिची नोटीस चौदा दिवसांची. धुडकूंनी तिथेच नोटीस लिहून सही केली. कानबाईचा रविवार चार दिवसांवर होता. म्हणजे नोटीस झाली, पण हॉल गेला.

घरी येऊन त्यांनी सांगितलं. सुभद्राबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खोलीकडे एकवार पाहिलं: पलंग, कपाट, फ्रिज, आणि मध्ये चौरंग ठेवला की उरणारी दोन हात जागा. "पंगती पाडसूत," त्या म्हणाल्या. "बाकीना जिनामा बसतीन."

गेल्या मार्गशीर्षात बसंतची म्हातारी आई त्याच जिन्यात बसली होती. खोलीत सुनांची आणि नातवंडांची गर्दी, गुडघे दुमडत नाहीत, म्हणून तिसऱ्या पायरीवर भिंतीला टेकून ती उघड्या दारातून आपल्या लक्ष्मीकडे बघत होती. धुडकू भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. "जरा सरका, रस्ता है," ते म्हणाले होते. म्हातारी बिचारी हाताच्या आधाराने सरकली होती. फाल्गुनात ती गेली. धुडकू अंत्ययात्रेला गेले होते, खांदाही दिला होता. पण ते 'सरका' त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी दार वाजलं. कुंतला उभी होती, हातात किल्ली.

"कल हमारा कमरा ले लो," ती सुभद्राबाईंना म्हणाली. "कानबाई आपके घर में, बैठने वाले मेरे घर में. पलंग खोल दिया है."

"अन् तुम्ही?"

"जब तक आपका खाना होगा, हम नीचे हॉल में. रात को उधर सचिन गाँव जाएँगे, देवर के पास. सोमवार को बाई जाएगी, तब आएँगे." मग तिला काहीतरी आठवलं. "रसोई मैंने धो दी. हमारा जूठा कुछ नहीं है."

कोणी काही मागितलं नव्हतं, कोणी काही समजावलं नव्हतं. बाहेरच्याने तिथे असायचं नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. सुभद्राबाईंनी किल्ली घेतली आणि तिचा हात तसाच धरून ठेवला. धुडकू आत कपाटाकडे तोंड करून उभे राहिले.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे आले, नथ आली, हिरवी साडी आली. सुभद्राबाईंनी मांडणी केली तेव्हा त्यांची जाऊ मागे उभी राहून गाणं म्हणत होती. समोरच्या साहूंच्या खोलीत मुलं, म्हातारे, पंगतीची वाट बघणारे पुतणे आरामात पसरले होते. जिन्यात कोणालाही बसावं लागलं नाही. आरती झाली, दार लागलं, रोट, डाळ आणि गंगाफळाची भाजी वाढली गेली. धुडकू पहिल्या पंगतीला जेवले. घास गोड लागला, हे सांगायला हवं. ज्या रीतीने त्यांना एवढं अडचणीत आणलं होतं, ती सोडून द्यावी असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

हात धुऊन ते खाली उतरले. हॉलचं दार सताड उघडं होतं. आत सतरंजीवर बसंत, कुंतला, त्यांची दोन मुलं, आणि त्यांच्यात धुडकूंची मुलगी रंजना. ती सासरहून कानबाईसाठी आली होती, पण रोटाच्या पंगतीत तिला जागा नव्हती. ती कुंतलाच्या डब्यातला भात आणि डालमा, भाज्या घातलेली डाळ, खात होती.

"आप्पा, या," ती म्हणाली. "बाहेरचे सगळे इथे आहेत."

धुडकू सतरंजीच्या कडेला बसले. वर एवढं अन्न होतं आणि या माणसांना देण्यासारखा त्यातला एक कणही नव्हता. तीन वर्षांपूर्वी बशी घेऊन उभ्या राहिलेल्या कुंतलाला काय झालं असेल, ते आता त्यांना कळत होतं. तिच्या हातात निदान पेढे तरी होते.

"भाभी," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाई... गेल्या पूजेला जिन्यात बसल्या होत्या. मी त्यांना सरका म्हणालो होतो." मग हिंदीत पुन्हा सांगितलं, कारण हे अर्धवट कळून चालणार नव्हतं.

कुंतलाने रंजनाच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. डब्याचं झाकण लावलं.

"मालूम है," ती म्हणाली. "मैं दरवाजे में ही खड़ी थी."

सगळं ऐकलेलं असताना तिने रसोई धुतली होती, पलंग खोलून ठेवला होता आणि किल्ली आणून दिली होती.

"सबका हो गया ऊपर?" तिने विचारलं.

"एक पंगत बाकी आहे."

"तो आराम से होने दो," कुंतला म्हणाली. "हम बैठे हैं."