कॅप्टन इरावतीचा फ्लेक्स

मित्रांनो, पिंपळवंडीत ठमाबाईंच्या बराखीवर, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीवर, छपरासारखा जो मळका फ्लेक्स ताणलाय ना, तो मी. आता जुना झालोय. रंग उडालाय, कोपरे फाटलेत. पण रडगाणं गायला नाही बोलत मी. मला लई चांगली माणसं मिळाली, तेच सांगायचंय.

माझा जन्म ओतूरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात झाला. मशीनचं डोकं इकडून तिकडं पळायचं आणि दर फेरीला माझ्यावर रंगाची एक पट्टी उमटायची. गुदगुल्या व्हायच्या. दुकानात माझी भावंडं दोनच जातीची. एक वाढदिवसाची, दुसरी भावपूर्ण श्रद्धांजलीची. मी तिसराच निघालो.

त्याचं असं झालं. टीव्हीवर 'यान शर्वरी' नावाची मालिका लागायची. अवकाशातली. त्यात कॅप्टन इरावतीचा ग्रह पाण्याखाली गेलेला असतो. खूप वर्षांनी पाणी उतरतं, तिला ते कळतं आणि ती घरी निघते. यान ग्रहावर टेकलं, दार उघडलं, आणि मालिका बंद! चॅनलनं कारण दिलं नाही. पुढं काय, तेही सांगितलं नाही.

ओतूरच्या कॉलेजात शिकणारी पिंपळवंडीची वृषाली आणि आमच्या दुकानात डिझाइन करणारा ऋतिक, दोघं या मालिकेचे पक्के चाहते. तिसऱ्या चाहत्या वृषालीच्या शेजारच्या ठमाबाई. सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचं गाव डिंभे धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्यांच्या घराचं जोतं उघडं पडतं. दरवर्षी त्या जातात, बघून येतात. त्यामुळं इरावतीचा प्रश्न त्यांना स्वतःचाच वाटायचा. रोज विचारायच्या, "पोरी, पोचली का गं ती घरी?"

वृषाली चॅनलला मेलवर मेल पाठवायची.

म्हणून फ्लेक्स लावायचं ठरलं. समोर माणसं उभी करायची, फोटो काढायचे, चॅनलला पाठवायचे. ऋतिकनं जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं मला बनवलं. गोल फोटोची एक तयार फाईल कॉम्प्युटरवर उघडीच होती. त्यानं त्यात इरावतीचा फोटो टाकला, नाव टाकलं, खाली लिहिलं, 'आम्ही वाट बघतोय.' ती फाईल श्रद्धांजलीची होती, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. फोटोखाली समई तशीच राहिली. भोवती काळी चौकट पण राहिली. रोज तेच करून करून त्याची नजर मेलेली, दुसरं काय!

मला पिंपळवंडीच्या स्टँडवर बांधलं. मी लई खूश. येणारा जाणारा माझ्यासमोर थांबायचा, टोपी काढायचा, हात जोडायचा. एक बाई तर डोळ्याला पदर लावून गेली. मला वाटलं, काय मान आहे राव आपला!

दिवस कलताना गेणभाऊ आले. आसपासच्या गावांत दशक्रिया कुणाचीही असो, गेणभाऊंच्या दोन शब्दांशिवाय ती उरकत नाही. वृषाली, ऋतिक आणि ठमाबाई माझ्या खालीच उभे होते.

"अरारारा," गेणभाऊ म्हणाले. "मिलिट्रीत व्हत्या का कॅप्टनबाई? कोणाच्यातल्या? दशक्रिया कवा हाय?"

ऋतिकनं मान वर केली आणि कपाळावर हात मारला. "आयला, समई राहिली!"

"समई नाय राहिली, तुझी अक्कल राहिली," वृषाली कडाडली. "जित्या बाईला मारलंस की रे!"

"गेणभाऊ, कोणी गेलं न्हाई ओ," ऋतिक म्हणाला. "टीव्हीवरची मालिका बंद पडलीय."

"मालिका?" गेणभाऊंनी काढलेली टोपी परत घातली. "मंग सकाळी गावात ऐकल्यापासनं भाषण जुळवतोय मी, त्याचं काय करू आता?"

सगळे हसले. ठमाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. माझ्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "खरंच मेली आसंल का ओ ती? दारातच?"

हसू तिथंच विरलं.

"आजी, संपलं ते," ऋतिक म्हणाला. "सेट मोडला म्हणत्यात. नाद सोडा."

"संपलं कसं?" वृषाली म्हणाली. "दुसऱ्या चॅनलवर येईल. न्हाईतर मोबाईलवर येईल. फोटो पाठवू आपण."

"समईसकट?"

"तू गप रे."

गेणभाऊ तोवर माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "मला मालिकेतलं काय कळत न्हाई. घाटावरचं कळतं. पिंडाला कावळा शिवला न्हाई तर काय करता तुमी? मानसाचं काय राह्यलं ते इचारता. मंग घरातलं कोणीतरी म्होरं व्हतं आन् म्हणतं, तुझं राह्यलेलं आमी करू. का नुसतं आभाळाकडं बघत बसता? चॅनल म्हंजी तुमचा कावळा. यील, न्हाईतर नाय येनार. राह्यलेलं तुमी करा की."

वृषालीनं मोबाईल पिशवीत टाकला.

"आन् आता घरला पळा," गेणभाऊ म्हणाले. "अंधारात उसातनं बिबट्या निघतो, तो काय मालिका बघत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ऋतिकनं मला खाली उतरवलं. मला वाटलं, झालं, आता जाळणार. पण त्यानं मला ठमाबाईंच्या अंगणात पालथं पसरलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी पाठ कोरी आहे. पांढरी शुभ्र!

मग रोज कॉलेज सुटल्यावर वृषाली मार्कर घेऊन बसायची. ती लिहायची, ऋतिक बाजूला चित्रं काढायचा, आणि दोघं भांडायचे.

"यान चिखलात रुतलंय. ट्रॅक्टरनं ओढू?" ऋतिक विचारायचा.

"अवकाशात ट्रॅक्टर?"

"मग काय बैल जुंपू?"

शेवटाला मात्र दोघं अडले. वृषालीनं लिहिलं, 'इरावती धावत घरात गेली.' वाचून दाखवलं. ठमाबाईंनी मान हलवली.

"खोड ते. धावत जायाला आत असतंय काय? भिंती न्हाईत, छप्पर न्हाई. ती आधी चपला काढंल. जोत्यावर बसंल. मंग हातानं गाळ सारंल, चूल कुठं व्हती ते बघंल. चूल घावली का मंग रडंल. आधी न्हाई रडायची."

वृषालीनं शब्दन् शब्द तसाच लिहिला. मार्कर इतका दाबून, की मला पाठीवर कळत होतं. लिहून झाल्यावर ठमाबाईंनी तिथं तळहात ठेवला. म्हणाल्या, "पोचली बया."

मित्रांनो, एवढा मान मला स्टँडवर टोप्या काढून पण मिळाला नव्हता.

चॅनलचं उत्तर अजून आलेलं नाही. वृषाली अजून मेल पाठवते. मालिका येईलही परत, कोणी सांगावं! आली तर ठमाबाई बघणार आहेत, इरावती चपला काढते का ते.

मी आता कांद्यावर असतो. लिहिलेली बाजू खाली, कोरडी. खराब कांदा निवडायला बाया येतात, मान वर करून वाचतात. वाचता येत नाही त्यांना ठमाबाई तोंडपाठ सांगतात. ऊन माझ्या तोंडावर, गोष्ट माझ्या पाठीवर. अजून काय पाहिजे?

एकच मागणं आहे. आम्हाला जाळू नका, आमचा धूर लई वाईट. ओढ्यात फेकू नका, आम्ही कुजत नाही. कार्यक्रम उरकला की आम्हाला एकदा उलटं करून बघा. पाठीवर लई जागा असते.