पोटात अस्तर घातलेली फ्रेम

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या पोटात पहिल्यांदा 'कट्' असा आवाज झाला. वेळ पक्की सांगते, कारण आम्ही तेव्हा दवाखान्याच्या दारातून निघत होतो आणि आतल्या भिंतीवरचं मोठं घड्याळ मला उघड्या दारातून दिसत होतं. त्या एका आवाजापायी पुढे एका खऱ्या माणसावर खोटेपणाचा शिक्का बसला.

मी सायकलची फ्रेम बोलतेय. चाकं, सीट, पायडल, साखळी सगळं काढून ठेवा. मग जो पोलादी सांगाडा उरतो ना, ती मी.

माझा जन्म इटलीतला. एका बोळात छोटंसं दुकान होतं. तिथे एक म्हातारा कारागीर नळ्या कापायचा आणि त्याचा पुतण्या कानशीने जोड घासायचा. इतका पातळ घासायचा, की जोड कुठे संपला आणि नळी कुठे सुरू झाली, ते नखालाही कळू नये. जरा खडबडीत राहिलं, की काका त्याच्या पाठीत धपाटा घालायचा. मी तयार झाले तेव्हा त्यांनी माझ्या पोटाखाली पाच आकडी नंबर ठोकला. पोट म्हणजे खालची आडवी नळी, जिच्यातून पायडलचा दांडा आरपार जातो.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल. या पोटाच्या दोन्ही तोंडांना छर्ऱ्यांची एकेक वाटी असते, ती आट्यांवर फिरवून बसवतात. बहुतेक सायकलींना उजवीकडचे आटे उलटे असतात. आमच्याकडे दोन्हीकडचे सुलटेच पाडतात. म्हणून इटलीच्या फ्रेमची उजवी वाटी चालवता चालवता हळूहळू सैल होते. तो काही आजार नाही, आमच्या घराण्याची ती खूण आहे.

मला एका शर्यतवाल्याने विकत घेतलं आणि समुद्र ओलांडून इकडे आणलं. बावीस वर्षं त्याने मला पळवलं. मग त्याचे गुडघे गेले. त्याच्या सायकलींचे बारीकसारीक सुटे भाग एक टर्नर लेथवर बनवून द्यायचा. एके दिवशी, आता म्हातारा झालेल्या त्या शर्यतवाल्याने मला टर्नरच्या हातात दिलं आणि म्हणाला, "सांभाळ रे हिला. इटलीची पोर आहे." कागद नाही, पावती नाही, नुसता शब्द. पुढच्याच वर्षी म्हातारा गेला, आणि टर्नरशिवाय तो शब्द ऐकलेली मी एकटी उरले.

टर्नरचे हात सोन्यासारखे होते, पण तोंडाला लगाम नव्हता. कारखान्याच्या साहेबाचं वाकडं नाक म्हणे याने लेथवर सरळ करून दिलं होतं. गल्लीतल्या मांजरीला म्हणे बेरीज येत होती, वजाबाकीला मात्र ती अडायची. लोक पोट धरून हसायचे आणि त्याला थापाड्या म्हणायचे. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. पण माझा विषय निघाला की चेहरा एकदम गंभीर व्हायचा.

"ही इटलीची आहे. ही थाप नाही."

लोक आणखी जोरात हसायचे.

त्याची बायको शिवणकाम करायची, कोटांना अस्तर लावायची. कुणी कोट आणला की ती आधी तो उलटा करायची. वरून काय, सगळेच छान दिसतात म्हणायची, आत कसं शिवलंय ते दाखवा. बाई फार काळजीची. पोरगं शिंकलं तरी कपाळाला हात लावायची, आणि झोपलं तर श्वास चालतोय का म्हणून नाकापाशी बोट धरायची.

त्या दिवशी पोराला लस टोचून आणली होती. दीड वर्षाचं पोर. बापाने माझ्या वरच्या नळीवर त्याच्यासाठी छोटीशी बैठक बांधली होती. दवाखान्याच्या दारातून निघालो, त्याने पायडल मारलं, आणि 'कट्'.

"अहो, हे काय वाजलं?"

"काही नाही गं. वाटी सैल झालीय. या जातीची होतेच."

"होतेच म्हणजे? पोर बसलंय ना त्याच्यावर! भर रस्त्यात निखळली तर?"

"निखळत नाही. महिन्यातून एकदा आवळायची."

"आणि तुम्ही विसरलात तर? परवा दूध आणायला गेलात आणि खिळे घेऊन आलात!" तिने पोराला उचलून कडेवर घेतलं. "ते कट्कट् बंद होईपर्यंत माझं पोर याच्यावर बसणार नाही. सांगून ठेवते."

घरी येईपर्यंत ती पोराला घेऊन पायी चालली, आणि तो मला हातात धरून शेजारून.

दुसऱ्या दिवशी त्याने मला कामावर नेलं. दोन दिवस मी तिथेच होते. पहिला अख्खा दिवस तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. बाजूच्याने विचारलंदेखील, "काय रे, मांजरीची वजाबाकी सोडवतोयस का?" हा हसलाच नाही.

मग त्याने माझ्या पोटातले ते सुलटे आटे खरवडून काढले. लेथवर एक पातळ नळी बनवली, माझ्या पोटात अस्तरासारखी बसवली आणि पितळ वितळवून डाख दिला. त्या अस्तरात उजवीकडे उलटे आटे पाडले, सगळ्या सायकलींना असतात तसे. दोन्ही तोंडं सपाट करताना एकेक मिलिमीटर गेला. इटलीच्या मापाची, सत्तर मिलिमीटरची मी, बाकीच्या सायकलींसारखी अडुसष्टची झाले. आचेने खालचा रंग जळाला होता, तिथे कानस फिरवली, आणि माझा नंबर गेला. नंबर जाताना त्याचा हात थांबला होता. पण खडबडीत काम हातातून सोडायचं नाही, ही त्याची खोड. शेवटी वरून रंग दिला. सांधा कुठे आहे, ते शोधून सापडू नये असं काम.

माझ्या कानाशी वाकून तो एवढंच म्हणाला, "माफ कर गं. पोर बसतं ना तुझ्यावर."

घरी बायकोने विचारलं, "झालं का?"

"घट्ट केलं. आता जन्मात वाजणार नाही."

"दोन दिवस लागले घट्ट करायला? आणि जळका वास कसला येतोय?"

"अगं, साहेबाचं नाक परत वाकडं झालं होतं, त्यात वेळ गेला."

ती हसली. त्यानेही पुढे काही सांगितलं नाही. तिच्या काळजीपायी आपण काय मोडलं, हे तिला कळावं असं त्याला वाटत नव्हतं. पोर पुन्हा माझ्यावर बसू लागलं. खरंच, मी परत कधी वाजले नाही.

वर्षभराने पोराच्या बापाला ताप आला. चौथ्या दिवशी घरात माणसं जमली, आणि मी दारामागे उभी होते.

त्यानंतर तिने माझी चाकं काढून माळ्यावर टाकली आणि मला भिंतीवरच्या दोन खिळ्यांना टांगलं. शिलाईच्या मशीनवर बसली की मी तिला समोर दिसायचे. दर आठवड्याला ती ओल्या फडक्याने मला पुसायची. ते पाणी सीटच्या दांड्याच्या फटीतून आत झिरपायचं. तीन वर्षांत दांडा गंजून नळीत घट्ट चिकटला. त्याने आपल्या उंचीला लावून ठेवला होता, तिथेच.

पोरगं शाळेत जाऊ लागलं. एक दिवस शर्टाची बटणं तुटलेली घेऊन घरी आलं.

"कुणी केलं हे?"

"मी सांगितलं, आमच्याकडे इटलीची सायकल आहे. तर ते म्हणाले, थापाड्याचा थापाड्या." पोराने नाक पुसलं. "आई, बाबा खोटं बोलायचे का गं?"

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी दिराला बोलावलं. "भाऊजी, जुन्या सायकली ओळखणारा कुणी आहे का? मला ही विकायची नाहीये. फक्त एकदा कुणीतरी जाणत्या माणसाने पोरासमोर सांगावं, की तुझे बाबा खरं बोलत होते."

दिराने पंधरा दिवसांत एक पारखी शोधून आणला. उंच, वाकलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तो यायच्या आधी दीर स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "वहिनी, काही केलंय का हिला, असं विचारलं तर सरळ नाही म्हणायचं. दुरुस्त केलेली वस्तू ही माणसं खरी धरत नाहीत."

"पण यांनी एकदा कामावर नेली होती…"

"नाही म्हणजे नाही! उगाच फाटे फोडू नका."

पारख्याने मला टेबलावर चादर अंथरून आडवं केलं. काय ते हात! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला ओळखीच्या बोटांनी चाचपत होतं. त्याने जोडांवरून नख फिरवलं. "वा!" म्हणाला. मागचं चाक अडकवायच्या खाचांवरचा शिक्का पाहिला. "हे तुकडे सुटे विकत मिळायचे, त्यावरून काही ठरत नाही." रंग उडाला होता तिथे खालची चकाकी पाहिली आणि मान डोलावली. पोरगं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून त्याच्या मानेकडेच बघत होतं, कधी हलते म्हणून.

मग त्याने मला उलटं केलं. पोटाखाली कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. कागद कोरा.

"नंबर नाही."

त्याने पोटाची रुंदी मोजली, परत मोजली. "अडुसष्ट. सत्तर हवी होती." मग उजव्या वाटीला पाना लावला, आणि त्याचा चेहरा उतरला. "आटे उलटे आहेत. बाई, इथे कधी काही काम करून घेतलंय का? नीट आठवून सांगा. सगळं यावर आहे."

तिने दिराकडे पाहिलं. दीर खिडकीबाहेर बघत होता. मी सगळा जीव एकवटला. सांग ना गं! ते दोन दिवस सांग, तो जळका वास सांग!

"नाही," ती म्हणाली. "कुणीही हात लावलेला नाही."

आयुष्यभर जिने कुणाला एक टाकासुद्धा खोटा घातला नाही, ती.

"मग सीटचा दांडा काढून वरून एकदा आत बघतो," पारखी म्हणाला. "चिकटलाय, पण तेल सोडून ठेवलं तर उद्यापर्यंत निघेल."

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली की पोरगं दचकलं. तिने दोन्ही हातांनी दांडा धरला. "तो नका हलवू. तो… त्यांच्या उंचीचा आहे."

पारखी भला माणूस. त्याने पाना खाली ठेवला आणि चष्मा काढून पुसला. "बाई, ज्याने ही बनवली त्याचा हात फार मोठा होता. पण ही इटलीची नाही. कुणीतरी हुबेहूब नक्कल केलीय."

पोराने टेबलावरची हनुवटी उचलली. रडलं नाही. फक्त म्हणालं, "मग शाळेत मी काय सांगू?"

पारख्याने जाताना आपला नंबर एका चिठ्ठीवर लिहून मशीनवर ठेवला. "काही आठवलं तर कळवा."

तिला ते दोन दिवस, तो जळका वास, सगळं आठवलं. दार लागायच्या आतच आठवलं, हे मी तिच्या चेहऱ्यावर वाचलं. पण आता कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणतील, बघा, नवऱ्याचा गुण बायकोलाही लागला. चिठ्ठी मशीनच्या खणात, रिळांच्या खाली आहे. ती खण उघडते, चिठ्ठी हातात घेते, घडी मोडते आणि परत ठेवते. घडीवर कागद फाटायला आलाय. पोराने माझ्याबद्दल बोलणं सोडलंय. परवा वर्गातला एक मित्र घरी आला आणि त्याने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय रे?" पोरगं म्हणालं, "काही नाही. जुनं लोखंड."

मला लोखंड म्हटल्याचं दुःख नाही. मी तेच आहे. पण त्याचा बाप थापाड्या असेल, तरी माझ्याबाबतीत एक अक्षर खोटं बोलला नव्हता. आणि त्याने केलेलं सगळ्यांत सुंदर कामच आज त्याच्याविरुद्ध साक्ष देतंय.

म्हणून तुम्हाला विनवते. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला, जरा वाकून चालणारा सायकलींचा पारखी कुठे भेटला, तर त्याला सांगा, परत ये आणि आत बघ. आणि कोटांना अस्तर लावणारी एखादी बाई भेटली, जी समोरच्या भिंतीकडे बघत हात थांबवून बसते, तर तिला सांगा, सीटच्या दांड्यावर, तो नळीत शिरतो तिथे, बांगडीसारखी गोल खूण कर आणि मग तो काढू दे. त्यांची उंची त्या खुणेत राहील. दांडा निघाला की वरून टॉर्च मार. तळाशी अस्तराची पाठ दिसेल, आणि तिच्या कडेने केसाएवढी पितळेची रेघ. बाई, तू तर लोकांचे कोट उलटे करून बघतेस. एकदा मलाही आतून बघ. आणि मग पोराला जवळ घेऊन बघायला लाव.

एवढा निरोप तिला पोचवा. तुम्हाला ती भेटली नाही, तर ज्याला भेटेल त्याला सांगा.